छत्रीवाल्या आत्याचा गाल

यानात सगळं तरंगत होतं. पेन तरंगत होतं, नकाशाचा कागद तरंगत होता आणि दोरांवर टांगलेला का होईना, अंतराळवीरही तरंगत होता. फक्त त्याच्या गळ्यातली साखळी तेवढी शहाण्या मुलासारखी सरळ खाली लोंबत होती. मी उठले, दिग्दर्शकांच्या खुर्चीमागे गेले आणि त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हात वर केला. साखळी निघाली, वीराने मान चोळून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

हेच माझं काम. पहिल्या अंतराळ-उड्डाणाची, म्हणजे माझ्या जन्माआधीच्या काळातली, ही मालिका. त्या काळात नसलेली वस्तू पडद्यावर जाऊ द्यायची नाही आणि एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना काही उगाच बदलू द्यायचं नाही, यासाठी मला ठेवलेलं. पेल्यात पाणी कुठवर होतं, बाही कोणत्या हाताची दुमडलेली होती, शिरस्त्राणाची काच वर होती की खाली, याचे फोटो मी प्रत्येक शॉटनंतर काढते आणि पुढच्या शॉटआधी ताडून बघते. दृश्यं काही गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. आमचा वीर सोमवारी जमिनीवर उतरतो आणि गुरुवारी उड्डाण करतो. मधल्या दिवसांत त्याची दाढी उलटी वाढू नये, हे बघायला कुणीतरी लागतंच.

मी येण्याआधी या मालिकेची प्रेक्षकांनी सालटी काढली होती. नियंत्रण कक्षातल्या शास्त्रज्ञाच्या बुटांना नाड्यांऐवजी आजच्यासारख्या चिकटपट्ट्या होत्या. एका खिडकीतून चंद्र चतकोर दिसे आणि शेजारच्या खिडकीतून पुरता भरलेला. लोक गोष्ट बघायचं सोडून चुका वेचायला बसू लागले, तेव्हा निर्मात्यांनी मला बोलावलं आणि स्पष्टच सांगितलं, की यापुढे लोकांच्या हाती एकही चूक लागता कामा नये. मी म्हटलं, लागणार नाही. त्यात बढाई नव्हती. मला माझं काम येतं.

कुणाची चूक चारचौघांत बोलायची नाही, हा माझा रोजचा नेम. सकाळी प्रार्थना झाली की तो मनाशी घ्यायचा आणि रात्री डोळे मिटताना परत द्यायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने घेता येतो. चुका काढण्यावरच पोट असलेल्या बाईला असला नेम कसा झेपायचा, असं घरच्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. कानात सांगितलेली चूक माणूस मुकाट्याने दुरुस्त करतो, मोठ्याने सांगितली की आधी वाद घालतो. सेटवर मला सगळे हळूबाई म्हणतात. मला ते नाव आवडतं.

आता आत्याबद्दल सांगते.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आत्याचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते आणि घरात तिचा आवाज माझ्या चौपट आहे. तरुणपणी ती पॅराशूटच्या घड्या घालण्याच्या विभागात कामाला होती. अंतराळातून परत येणारं यान शेवटी एका रेशमी पॅराशूटवर जीव सोपवून खाली येतं, आणि ते पॅराशूट त्या काळी बायका लांबलचक टेबलावर हातांनी घड्या घालून पिशवीत बसवत. आत्या पॅराशूटला छत्रीच म्हणते. म्हणून नात्यागोत्यात ती छत्रीवाली आत्या.

आत्या थापा मारते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विभागाच्या साहेबांनी तिला लग्नाची मागणी घातली होती, एकदा तिच्या छत्रीखाली पाच बकऱ्या अलगद उतरल्या होत्या, एका मंत्र्याला तिने बूट काढायला लावले होते. प्रत्येक वेळी सांगताना बकऱ्या वाढतात. माझे यजमान तिची फिरकी घेण्यात पटाईत. चादर हातात घेऊन ते तिला विचारतात, "आत्याबाई, चंद्राची घडी घालायची तर कोणत्या टोकापासून सुरुवात करायची?" आत्याही कमी नाही. ती म्हणते, आधी जावईबापूंनी स्वतःच्या सदऱ्याची घालून दाखवावी.

पण या थापांच्या ढिगात एक गोष्ट अशी होती, की ती सांगताना आत्याचा आवाज कधी चढत नसे. पहिला अंतराळवीर ज्या छत्रीने उतरला, त्या छत्रीची घडी तिच्या हातची होती.

अडचण अशी, की त्या घडीचं एक चित्र आहे आणि ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात आहे, टपालाच्या तिकिटावरही येऊन गेलं. टेबलावर रेशीम पसरलंय, मागे एक देखणी तरुणी डोक्याला रुमाल बांधून हसते आहे आणि तिचा उजवा हात घडीवर आहे. ती तरुणी आत्या नाही. नाक वेगळं, कपाळ वेगळं, सगळंच वेगळं.

माझी लेक शाळेत होती तेव्हा त्या धड्याला तिने वर्गात उभं राहून सांगितलं, की ही घडी माझ्या आजीने घातलीय. बाईंनी चित्र वर धरून विचारलं, यातली तुझी आजी कोणती? वर्ग हसला. लेक घरी आली, दप्तर टाकलं आणि आत्याला म्हणाली, "तू मला खोटं पाडलंस." आत्याने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर ती बाजूला सरकली. त्या दिवसापासून आत्याने ती एक गोष्ट बंद केली. बकऱ्या चालू राहिल्या, मंत्र्याचे बूट चालू राहिले, पहिली छत्री मात्र पुन्हा कधी तोंडातून निघाली नाही. लेक मोठी झाली, दातांची डॉक्टर झाली, आजीवर जीव टाकते. पण आजीचं बोलणं ती तेव्हापासून एका कानाने ऐकते आणि हसून सोडून देते. आत्याला हे समजतं. डोळे म्हातारे झाले तरी तिला एवढं दिसतं.

चंद्राची आणि बुटांची निस्तरानिस्तर झाल्यावर आम्ही नेमके त्याच भागाशी आलो. पॅराशूटची घडी. दिग्दर्शकांना ते गाजलेलं चित्र पडद्यावर जसंच्या तसं हवं होतं. हसऱ्या तरुणीसारखी दिसणारी नटी मिळाली होती, रुमालाचं कापड रंगवून तयार होतं. चित्र ज्या बातमीपटातून घेतलं होतं, त्याची संपूर्ण रीळ जुन्या फिती सांभाळणाऱ्या कचेरीतून मागवली होती. लोकांना त्यातला शेवटचा तुकडाच माहीत. संकलनाच्या खोलीत मी एकटीने ती रीळ पहिल्यापासून लावली.

मी चित्रं बघत नाही, सांधे बघते. एक शॉट संपून दुसरा लागतो तिथे काय बदललं, तिकडेच डोळा जातो. सुरुवातीला एक स्त्री पाठमोरी, टेबलावर वाकलेली. हात भराभर चालताहेत. पुढच्या शॉटमध्ये ती समोरून, हसते आहे. आणि तिथे मी रीळ थांबवली.

पाठमोरीच्या रुमालाची गाठ डोक्यावर, हसरीची मानेवर. पाठमोरीच्या घडीवर शिशाच्या गोळ्या भरलेल्या छोट्या पिशव्या वजनाला ठेवलेल्या, हसरीच्या घडीवर एकही नाही. पाठमोरीची बोटं मोकळी, हसरीच्या बोटात अंगठी. आणि पाठमोरी कापड डाव्या हाताने ओढत होती.

आत्या डावरी आहे.

मी पुन्हा मागे गेले. पाठमोरी स्त्री कोपरापासून मनगटापर्यंतचा हात रेशमावरून फिरवून आतली हवा काढत होती. आमच्या घरी चादरींमधली हवा अशीच निघते. तरी मी स्वतःला आवरलं, कारण त्या विभागात सगळ्याच जणी असा हात फिरवत असणार. घडी पूर्ण झाली. त्या स्त्रीने दोन्ही तळवे पिशवीवर ठेवले, वाकली आणि पिशवीला कपाळ टेकवलं. क्षणभरच. मग सरळ झाली आणि शॉट संपला.

कपाळ टेकवणं मला ओळखता येतं, मी रोज सकाळी टेकवते. पण ओळखीच्या वाटलेल्या गोष्टीला मी पुरावा म्हणत नाही. घरी जाऊन विचारायचं ठरवलं, आणि काय पाहिलं ते आधी सांगायचं नाही असंही ठरवलं.

आत्या वाळलेले कपडे घेऊन बसली होती. मनगटावरचं घड्याळ काढून तिने दाराच्या खिळ्याला अडकवलं होतं. घड्या घालायच्या आधी ती अजूनही घड्याळ काढते. रेशमाला ओरखडा जाईल म्हणून तिच्या विभागात अंगठी, घड्याळ, काहीच चालत नसे. सगळ्या जणी दाराशी खिळ्याला अडकवून मगच टेबलापाशी जात. आमच्या चादरी काही रेशमी नाहीत, पण सवय ती सवय.

मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, पहिल्या छत्रीच्या दिवशी तुझा रुमाल कसा बांधला होतास? गाठ कुठे होती?"

तिचे हात थांबले. इतक्या वर्षांनी मी तो विषय काढला म्हणून थांबले असतील, असं आधी वाटलं. पण तिने माझ्याकडे बघितलं ते चोरी पकडली गेलेल्या मुलीसारखं.

"तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काय सांगितलं?

तिने चादरीचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाली, "गाठ डोक्यावर होती. दाढ दुखत होती माझी. गाल असा टम्म फुगला होता, की डोळा अर्धा मिटलेला. हनुवटीखालून रुमाल घेऊन वर गाठ मारली होती."

मग सगळं बाहेर आलं, आणि या वेळी बकऱ्या वाढल्या नाहीत. सकाळी गाल बघून विभागाच्या बाई म्हणाल्या होत्या, दुसरीला बसवू का? आत्या म्हणाली, "दात तोंडात आहे बाई, हातात नाही." घडी तिनेच घातली आणि बाईंनी ती दोनदा तपासली. बातमीपटवाले आले. त्यांनी पाठीमागून काम टिपलं, मग म्हणाले, आता समोर बघून हसा. आत्या वळली. कॅमेरावाल्याने एकदा बघितलं, खाकरला आणि खालच्या मजल्यावरून टेलिफोनवरच्या मुलीला बोलावून घेतलं. ती हसली. छान हसली. आत्या कोपऱ्यात रुमालाने तोंड दाबून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिची दाढ काढली.

मी विचारलं, मग हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस? एका वाक्याने सगळं मिटलं असतं.

"काय सांगू? माझं तोंड बघून दुसरीला बोलावलं, हे सांगू?" ती म्हणाली. "त्या वेळी गावात माझ्यासारखी मुलगी नव्हती. विचार कुणालाही."

विचारायला आता कुणी उरलेलं नाही, हे तिलाही माहीत होतं. जिला आपल्या रूपाचा एवढा तोरा, तिने एका सुजलेल्या गालापायी खोटारडेपणाचा शिक्का पत्करला होता. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकांना रीळ दाखवली. हुशार माणूस, पटकन पकडतो. आधी म्हणाले, डाव्या हाताचं काय एवढं, फीत उलटी लागली असेल. फीत उलटी लावली की उजवा हात डावा दिसतो, हे बरोबर. पण टेबलाच्या कडेला रंगवलेला आकडा सरळ वाचता येत होता. त्यावर त्यांनी मान डोलावली. अंगठीचं सांगितलं, वजनांचं सांगितलं, शेवटी गालाचं सांगितलं. ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. म्हणाले, "ताई, हे त्या चित्राहून चांगलं आहे." लगेच त्यांनी दृश्य रचायलाही घेतलं. सुजक्या गालाची मुलगी एकटी काम करते आहे. कॅमेरावाले येतात, तिला बाजूला करतात, देखणी मुलगी येते, हसते, आणि ते जगप्रसिद्ध चित्र तयार होतं. चित्र जसंच्या तसं राहील, फक्त त्याच्या बाहेर कोण उभं होतं तेही दिसेल.

निर्माते मात्र कुरकुरले. लोकांना हे ठाऊक नाही, लोक म्हणतील आम्ही इतिहास बदलला. यावर मी त्यांच्या कानात नाही, समोर बसून सांगितलं, की रीळ आहे, ती दाखवता येईल आणि या दृश्याची जबाबदारी माझी. दिग्दर्शकांनी एकच अट घातली. गाल हवाच. गाल नसेल तर मुलगी का बदलली हे कुणाला पटणार नाही.

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती साफ नाही म्हणाली. हात दाखवा, पाठ दाखवा, कपाळ दाखवा, गाल नको. यजमानांनी तिला चिडवायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

मी आग्रह केला नाही. एवढंच म्हटलं, "शाळेतल्या बाईंनी जे चित्र वर धरलं होतं ना, त्याच्या आधी काय झालं ते दाखवणार आहेत. तुझी नात बघेल."

आत्या आत निघून गेली. सकाळी माझी प्रार्थना आटोपली आणि मागे वळले, तर ती दारात उभी. वेणी घालून, चांगले कपडे करून, घड्याळ लावून. म्हणाली, "दाखवायचा तर नीट दाखवा. मी येते बघायला."

सेटवर आत्याला खुर्ची दिली, ती तिने अर्ध्या घटकेत सोडली. टेबलाची उंची बरोबर निघाली, खिळे दाराच्या चुकीच्या बाजूला निघाले. आत्या झालेली नटी वेगळीच, कोवळी, हसरी मुलगी, आणि तिने गालात कापूस भरला होता. आत्याने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"एवढासा नव्हता गं," ती म्हणाली. "अजून घाल."

कापूस वाढला. आत्या म्हणाली, अजून. नटीला बोलता येईना, तरी आत्या अजूनच म्हणत होती. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, "आजी, एवढा मोठा गाल जगात कुणाचा नसतो." आत्या म्हणाली, माझा होता. इतकी वर्षं जो गाल झाकायचा होता, तो तिला आता जगातला सगळ्यात मोठा हवा होता. सेट हसला आणि आत्या सगळ्यात जास्त हसली.

मग तिने नटीला घडी शिकवली. पहिल्यांदा स्वतःच मधली एक दुमड विसरली. थांबली, कापड पुन्हा मोकळं केलं, डोळे मिटले आणि हातांना आपलं आपण चालू दिलं. दुसऱ्यांदा घडी बरोबर बसली. नटी उजव्या हाताची, तिला डाव्या हाताने ओढणं जमेना. आत्या तिच्या पाठीमागे उभी राहून तिचे हात धरून चालवत राहिली. सकाळी पाठमोरे शॉट झाले, एका बाजूने गालाचा एक मोठा शॉट झाला. जेवायच्या सुट्टीत नटीने कापूस काढून ठेवला, जेवली, पुन्हा भरला आणि आम्ही पुढच्या शॉटला लागलो.

कपाळ टेकवण्याच्या शॉटआधी नटीने विचारलं, की या वेळी मनात काय आणू? दिग्दर्शकांनीही कान दिला. आत्या म्हणाली, "आत माणूस बसणार होता. त्याच्यापर्यंत पोचणारं माझ्याकडचं शेवटचं हेच. त्याला सांग, नीट ये."

नटी वाकली. मोठ्या दिव्यांच्या उजेडात तिचं कपाळ त्या पिशवीला लागलं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याने, कुणालाही न कळता, मान तेवढीच खाली घातली. त्या दुपारी मी कॅमेऱ्याशेजारच्या पडद्याकडे कमी आणि आत्याकडे जास्त पाहिलं.

भाग लागला त्या संध्याकाळी लेक मुद्दाम आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, फक्त ये म्हटलं होतं. आम्ही चौघं बसलो. आत्याने चष्मा दोनदा पुसला आणि हातात एक रुमाल धरला, तो सारखा दुमडत होती आणि उलगडत होती.

सुजक्या गालाची मुलगी आली, दाराशी घड्याळ अडकवलं आणि डाव्या हाताने रेशीम ओढलं. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे. विभागाच्या बाईंनी विचारलं आणि मुलगी म्हणाली, दात तोंडात आहे, हातात नाही. यजमान गुडघ्यावर हात मारून हसले. कॅमेरावाले आले, मुलगी वळली, कॅमेरावाला खाकरला. टेलिफोनवरची मुलगी वर आली, हसली, आणि पडद्यावर ते चित्र उभं राहिलं. शाळेच्या पुस्तकातलं. या वेळी त्याच्या कडेला, कोपऱ्यात, रुमालाने तोंड दाबलेली एक मुलगीही होती.

मी हलक्या आवाजात लेकीला सांगितलं, की खरी रीळ आहे, मी पाहिली आहे, तुलाही दाखवते.

लेक उठून आजीपाशी जमिनीवर बसली. मग म्हणाली, "आजी, तुझी उजवीकडची शेवटची दाढ नाहीये. दर वेळी तुझे दात तपासताना मी विचारते, ही कधी काढलीस, आणि तू विषय बदलतेस."

आत्या म्हणाली, "त्याच्या दुसऱ्याच दिवशी काढली."

लेकीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आत्याचा डावा हात तिच्या केसांवरून फिरू लागला, कोपरापासून मनगटापर्यंत, हवा काढल्यासारखा.

तेवढ्यात लेकीने डोकं वर उचललं. डोळे ओले होते, पण कपाळाला आठी पडली होती. माझीच लेक ती. म्हणाली, "पण आई, गाल! आधी उजवा सुजलेला होता. कॅमेरावाल्यांकडे वळली तेव्हा डावा."

मी ताठ झाले. जेवणाची सुट्टी, काढून ठेवलेला कापूस, न ताडलेला फोटो, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. लेक म्हणत होती ते खरं होतं. दिग्दर्शकांनी पाहिलं नाही, संकलकाने पाहिलं नाही आणि ज्या बाईला त्यासाठीच ठेवलं होतं, ती आपल्या आत्याकडे बघत होती. उद्या सकाळपर्यंत हजार लोकांनी हे लिहिलेलं असणार. निर्मात्यांना सांगावं लागेल, आणि मी ते स्वतःहून सांगणार होते. पण मला वाईट वाटेना. त्या दुपारी जिकडे बघायला हवं होतं, तिकडेच मी बघितलं होतं.

यजमान मिश्किल आवाजात म्हणाले, "हळूबाई, सापडलात."

"काही सापडली नाही ती," आत्या म्हणाली. "दोन्ही गाल सुजले होते. उजवा सकाळी, डावा जेवणानंतर."

लेक म्हणाली, आजी, असं होत नसतं, मी रोज दाढा बघते. आत्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती मान ताठ करून बसली होती आणि माझ्या हातावर तिचा हात होता.

यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला. "आत्याबाई," ते म्हणाले, "ही थाप आहे."

"आहे ना," आत्या म्हणाली. "पण ती नव्हती."